जिन्यातून फिरून आलेला आवाज

1949 साली आलेल्या 'महल' चित्रपटातलं 'आएगा आनेवाला' सुरू होतं तेव्हा लता मंगेशकरांचा आवाज कुठून तरी लांबून येतो आणि ओळीगणिक जवळ सरकतो. त्या काळात हे करून देणारी कुठलीही पेटी मुंबईच्या स्टुडिओत नव्हती. लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे की माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. विशीच्या उंबरठ्यावरची ती गायिका आणि संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी मिळून खोलीलाच वाद्य करून टाकलं. खेमचंद प्रकाश मूळचे राजस्थानातल्या सुजानगढचे, त्यांचे वडील जयपूर दरबारी गायक. गाणं लोकप्रिय झाल्याचं पुरतं पाहायला ते उरले नाहीत. 1950 च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

चालत येण्यात नेमकं काय होतं ते नीट बघू, कारण या प्रकरणातला पुढचा सगळा व्यवहार त्यावरच उभा आहे. माइकपर्यंत दोन आवाज पोचतात. एक सरळ गळ्यातून आलेला, दुसरा भिंती, छत, फरशी यांवर आपटून फिरून आलेला. गायिका माइकपासूनचं अंतर निम्मं करते तेव्हा सरळ आवाज सहा डेसिबलनं वाढतो. फिरून आलेला आवाज मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो, त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे चार मीटरवरून दोन, दोनवरून एक असं येताना सरळ आवाज बारा डेसिबलनं चढतो आणि खोली जागच्या जागी राहते. आपला कान त्या दोघांचं प्रमाण ओळखतो आणि सांगतो, बाई जवळ आली. आजच्या कुठल्याही रिव्हर्बवर, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या यंत्रावर, 'ड्राय' आणि 'वेट' असं लिहिलेलं जे बटण असतं, ते याच प्रमाणाचं बटण. फरक एवढाच, की 'महल'मध्ये ते गायिकेच्या पायांत होतं आणि गाता गाता तीच ते फिरवत होती.

खोलीकडून काम करून घेण्याचे असे प्रयत्न तेव्हा जगभर चालले होते. शिकागोत बिल पटनम यांनी 1947 साली 'हार्मोनिकॅट्स' या तोंडपेटी वाजवणाऱ्या त्रिकुटाचं ध्वनिमुद्रण करताना स्टुडिओच्या स्वच्छतागृहात स्पीकर आणि माइक ठेवून प्रतिध्वनी मिळवला. 'मुग़ल-ए-आज़म'च्या शीशमहालातल्या गाण्यासाठी नौशाद यांनीही असाच टाइल्सच्या खोलीचा आधार घेतला, असं आपल्याकडे सांगितलं जातं. मग खोलीची जागा यंत्रांनी घ्यायला सुरुवात केली. 1957 साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीनं 140 नावाचं प्लेट रिव्हर्ब आणलं. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगायचा, एका बाजूनं तो थरथरवायचा आणि दुसरीकडून ती थरथर उचलायची. वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. 1974 चा रोलंडचा स्पेस एको टेपचं वेटोळं फिरवून आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा. 1978 च्या लेक्सिकॉन 224 सारख्या यंत्रांनी हे काम अंकांवर नेलं. आज त्या सगळ्यांच्या नकला प्लग-इन म्हणून शंभर मेगाबाइटच्या आत मिळतात, आणि तरीही लोक केबल ओढून आवाज संगणकाबाहेर पाठवतात आणि परत आणतात. का पाठवतात आणि कसा पाठवायचा, ते इथे सांगायचं आहे.

त्यासाठी जयपूरच्या तिलक नगरात जाऊ. मोती डुंगरीच्या पायथ्याचं पांढरं बिर्ला मंदिर एका बाजूला, राजा पार्कचा बाजार दुसऱ्या बाजूला, मध्ये ही जुनी, झाडांची वस्ती. माझी मावशी तिथे राहते आणि गाणं शिकवते. घर दुमजली, फरशी कोट्याची, जिन्याला मकराण्याचा संगमरवर, भिंती गुळगुळीत गिलाव्याच्या. खालच्या खोलीत संगणक, चार इनपुट-चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि दोन स्पीकर. खोलीत पुस्तकं, गालिचा, गाद्या असल्यामुळे आवाज कोरडा येतो, आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण करायला तो तसाच बरा. पण दार उघडून जिन्यात कुणी 'सा' लावला की तो वरच्या गच्चीच्या दारापर्यंत चढतो आणि सावकाश विरतो.

हा जिनाच आपलं पहिलं बाहेरचं यंत्र. अडीच मीटर बाय चार मीटरचा, नऊ मीटर उंचीचा असा जिना धरला तर त्यात नव्वद घनमीटर हवा मावते. पृष्ठभाग सगळा मिळून 137 चौरस मीटर. दगड आणि गिलावा आवाजातला फार तर विसावा हिस्सा पितात. हार्वर्डचे वॉलेस सॅबाइन यांनी 1890 च्या दशकात घालून दिलेलं साधं सूत्र लावलं, की आवाज विरायला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो असं उत्तर येतं. तानपुऱ्याला आणि आलापाला दोन सेकंद सुखाचे. तानेला नाहीत. सेकंदाला आठ स्वर अशा गतीच्या तानेत दोन सेकंदांत सोळा स्वर एकमेकांवर चढतात आणि कुठला कुठे सुटला तेच कळेनासं होतं. मावशीचं गाणं जयपूर-अत्रौलीचं. अल्लादियाखाँसाहेबांनी कोल्हापुरात राहून जी गुंतागुंतीची, वळणावळणांची तान महाराष्ट्राला दिली, ती अशा जिन्यात पार बुडून जाईल.

सॅबाइननं रात्रीच्या वेळी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून व्याख्यानगृहात मांडल्या होत्या आणि आवाज किती लवकर विरतो ते मोजलं होतं. तिलक नगरात गाद्यांच्या जोडीला रजया आहेत. जयपुरी रजई कठड्यावर टांगली की जिना लगेच आवरतो, पण वरच्या पट्टीत. रजई हलकी आणि पातळ असते. पातळ कापूस फक्त बारीक, उच्च कंपनं पितो. 'स' आणि 'श'ची सळसळ जाते, खर्ज तसाच घुमत राहतो. खर्जासाठी जाड कापसाची गादी भिंतीपासून थोडी पुढे उभी करावी लागते. दोन-तीन गाद्या आणि एक-दोन रजया एवढ्यात विरण्याचा वेळ दीड सेकंदाच्या आत येतो, आणि तानेतला प्रत्येक स्वर पुन्हा वेगळा दिसतो.

मावशी पहिल्यांदा हे सगळं बघत असताना म्हणाली, "अरे, पण मी खाली गाणार आणि आवाज वर जाऊन येणार, तो माझ्या लयीत कसा बसेल?" हा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. उत्तर थोड्या वेळानं देतो; आधी रस्ता बांधू.

इंटरफेसला किमान चार आउटपुट हवेत. पहिले दोन ऐकण्याच्या स्पीकरना गेलेले असतात. तिसऱ्यातून जिन्यातल्या स्पीकरला केबल जाते. स्पीकर जिन्याच्या तळाशी, तोंड भिंतीकडे करून ठेवायचा. माइक वरच्या मजल्यावर, तोही स्पीकरकडे पाठ करून. हेतू असा, की माइकला सरळ आवाज मिळूच नये, फिरून आलेलाच मिळावा. सरळ आवाज आपल्याकडे ट्रॅकवर आहेच. माइकची केबल परत खाली येऊन इंटरफेसच्या मोकळ्या इनपुटमध्ये शिरते. बॅलन्स्ड एक्सएलआर केबल वीस मीटर गेली तरी बिघडत नाही.

आता सॉफ्टवेअरमध्ये. गाण्याच्या ट्रॅकवर एक 'सेंड' उघडायचा आणि तो तिसऱ्या आउटपुटला जोडायचा. एक नवा ट्रॅक घेऊन त्याचं इनपुट म्हणजे जिन्यातला माइक. हा 'रिटर्न'. सेंड वाढवला की गाणं जिन्यात जातं, रिटर्न वाढवला की जिना गाण्यात येतो. मूळ ट्रॅक जागचा हलत नाही. रिव्हर्ब, एको अशा ज्या गोष्टी मूळ आवाजात मिसळायच्या असतात त्यांच्यासाठी हीच रीत. याउलट कॉम्प्रेसरसारखं, म्हणजे आवाजातले चढउतार आवळणारं, यंत्र पूर्ण आवाज आत घेऊन बदललेला पूर्ण आवाज परत देतं. त्याच्यासाठी 'इन्सर्ट' वापरतात. रीपरमध्ये हे काम 'रीइन्सर्ट' नावाचं प्लग-इन करतं, एबलटन लाइव्हमध्ये 'एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट', लॉजिकमध्ये 'आय/ओ', क्यूबेसमध्ये 'एक्स्टर्नल एफएक्स'. नावं वेगळी, काम एकच: कुठल्या आउटपुटमधून पाठवू आणि कुठल्या इनपुटमधून घेऊ, एवढं विचारायचं.

एक गोष्ट केबल लावण्याआधीच बघावी. रिटर्नच्या ट्रॅकवर तिसऱ्या आउटपुटला जाणारा सेंड चुकूनही उघडा राहता कामा नये. तो उघडा असेल तर जिन्यातून आलेला आवाज पुन्हा जिन्यात जातो, आणखी मोठा होऊन येतो, पुन्हा जातो, आणि एक-दोन सेकंदांत शिट्टी चढते. ती कानाला आणि स्पीकरला, दोघांनाही घातक. म्हणून पहिल्यांदा जोडताना फेडर तळाशी, हेडफोन गळ्यात, आणि मगच हळूहळू वर.

मावशीच्या प्रश्नाकडे येतो. आवाज संगणकाबाहेर जाऊन परत यायला वेळ लागतो, आणि तो दोन ठिकाणी लागतो. पहिला संगणकातच. सॉफ्टवेअर आवाज थेंबाथेंबानं देत-घेत नाही, ठरावीक तुकड्यांनी देतं. 48 हजार सॅम्पल प्रतिसेकंद या दरानं 256 सॅम्पलचा बफर म्हणजे 5.3 मिलिसेकंद, जाताना एक, येताना एक, मिळून दहाच्या वर, शिवाय रूपांतराला थोडा. दुसरा वेळ हवेतला. स्पीकरपासून माइकपर्यंत सहा मीटर अंतर कापायला आवाजाला साधारण साडेसतरा मिलिसेकंद लागतात. जयपूरच्या हवेत हा आकडा स्थिर राहत नाही. मे महिन्यात चाळीस अंशांत आवाज सेकंदाला सुमारे 355 मीटर धावतो, जानेवारीच्या पहाटे पाच अंशांत 334. सहा मीटरमागे एक मिलिसेकंदाचा फरक, म्हणजे 48 हजारांच्या दरानं जवळजवळ पन्नास सॅम्पल.

हवेतला उशीर भरून काढायचा नसतो. तो खोलीचा खरा गुण आहे. मोठ्या जागेत पहिला प्रतिध्वनी उशिरा येतो, त्यावरूनच कानाला जागेचा आकार कळतो. सतरा मिलिसेकंदांनी लयीला धक्का लागत नाही. सहा मीटर लांब बसलेल्या तबलजीचा ठेका गवयाला याच उशिरानं ऐकू येतो आणि गाणं बिनघोर चालतं. संगणकातला दहा-बारा मिलिसेकंदांचा उशीर त्यात मिळाला, तर जिना थोडा मोठा वाटेल, इतकंच. म्हणून रिव्हर्बच्या बाबतीत मी उशिराचा हिशोब सोडून देतो.

इन्सर्टच्या बाबतीत मात्र तो सॅम्पलपर्यंत चुकता करावा लागतो. समजा, बाहेरच्या कॉम्प्रेसरमधून आलेला आवाज मूळ आवाजाबरोबर मिसळायचा आहे आणि तो दहा मिलिसेकंद मागे आहे. मग ज्या कंपनाचं अर्धं आवर्तन बरोबर दहा मिलिसेकंदांचं, ते म्हणजे 50 हर्ट्झ, दोघांत उलटसुलट होऊन नाहीसं होतं. तसंच 150, 250, 350, दर शंभर हर्ट्झला एक खड्डा. मधल्या जागी उंचवटे. आवाज पिंपात तोंड घालून गायल्यासारखा येतो. हे टाळायला बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'पिंग' किंवा तशा नावाची सोय असते. ते एक टक् असा आवाज बाहेर पाठवतं, तो केबलमधून फिरून आला की मधला वेळ मोजतं आणि बाकीचे ट्रॅक तेवढे मागे सरकवून सगळ्यांना एका रेषेत आणतं. पिंग करताना यंत्र बायपासवर ठेवावं. एको चालू असेल तर सॉफ्टवेअर कुठला टक् धरेल सांगता येत नाही. बफर बदलला की पिंग पुन्हा करायचा. हे न करता लोक मिसळतात आणि यंत्राला दोष देतात.

आता पातळी. इथे बहुतेकांचा पाय घसरतो, कारण स्वस्तात मिळणारी चांगली बाहेरची यंत्रं म्हणजे गिटारवाल्यांचे पेडल. जुना ॲनालॉग डिले, स्प्रिंगचं रिव्हर्ब, फेझर. जयपूर-मुंबईच्या वाद्यांच्या दुकानांत नवे मिळतात, गिटार सोडलेल्यांच्या कपाटांत जुने पडून असतात. पेडल नऊ व्होल्टवर चालतं. म्हणजे त्यातून जाणाऱ्या लहरीला खालपासून वरपर्यंत नऊ व्होल्टहून मोठं होताच येत नाही. व्यावसायिक इंटरफेसची नेहमीची पातळी +4 डीबीयू, म्हणजे 1.23 व्होल्ट, पण गाण्यातले चढ +18 पर्यंत जाऊ शकतात, आणि तिथे लहर खालपासून वरपर्यंत सतरा व्होल्टच्या पुढे पोचते. नऊच्या घरात सतरा मावत नाहीत. कडा कापल्या जातात आणि षड्ज करवतायला लागतो. शिवाय पेडलला गिटारच्या तारेखालच्या पिकअपसारखा कमकुवत, उच्च अवरोधाचा उगम अपेक्षित असतो, इंटरफेसचं आउटपुट त्याच्या उलट, दणकट.

मध्ये बसणारी छोटी डबी म्हणजे रीॲम्प बॉक्स. ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी यांनी 1990 च्या दशकात ती बाजारात आणली, आता बरेच जण बनवतात. ती पातळी खाली आणते, अवरोध वर नेते. पेडलमधून परत येताना इंटरफेसच्या 'इन्स्ट्रुमेंट' इनपुटमध्ये यायचं, लाइन इनपुटमध्ये नाही. हातात डबी नसेल तर आउटपुटचा फेडर वीसेक डेसिबल खाली ओढूनही बऱ्यापैकी चालून जातं. पेडलची सुरसुर थोडी जास्त ऐकू येईल. घरगुती यंत्रं, कॅसेट डेक, जुने एको वगैरे -10 डीबीव्ही या पातळीवर बोलतात. ती +4 पेक्षा जवळजवळ बारा डेसिबलनं खाली, म्हणून जाताना बारा कमी आणि येताना बारा जास्त.

मला या सगळ्यात ज्याची खरी धास्ती वाटते ती विजेची. बाहेरचं प्रत्येक यंत्र स्वतःची पिन घेऊन येतं, आणि दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटमधून अर्थिंगला मिळाली, शिवाय ऑडिओ केबलच्या जाळीनंही एकमेकांना जोडली गेली, की जमिनीतून एक वळसा तयार होतो. त्यात वीज 50 हर्ट्झनं घुमते आणि तिचे 100, 150 असे पट बरोबर येतात. बाकीच्या संगीतात हा 'हम' गिटारच्या गोंगाटात बुडून जातो. आपल्या संगीतात तानपुरा आहे.

पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तानपुरा घ्या. षड्ज 130.8 हर्ट्झ, खर्ज 65.4, आणि पहिल्या तारेचा मंद्र पंचम 98.1. त्याच्या शेजारी विजेचा 100. दोघांत 1.9 हर्ट्झचं अंतर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन वेळा पंचम फुगतो आणि बसतो. जवारी कितीही निगुतीनं लावलेली असू दे, ऐकणाऱ्याला तानपुरा उतरलाय असंच वाटणार. ग्रिडची वारंवारताही 50 च्या आसपास थोडी हलत राहते, म्हणून हे डोलणं एका चालीनंही चालत नाही. नंतर फिल्टरनं 100 हर्ट्झ कापायला जावं तर शेजारचा पंचमच पातळ होतो. हा रोग औषधानं बरा होत नाही, तो होऊच देऊ नये.

सगळी यंत्रं एकाच भिंतीतल्या एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या पट्टीवर चालवायची. यंत्राला बॅलन्स्ड सोय असेल तिथे बॅलन्स्ड केबलच वापरायची. पेडलला वेगळा, आयसोलेटेड आउटपुटचा पुरवठा द्यायचा, किंवा सरळ बॅटरी. तरीही हम राहिला तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली डबी घालायची. आवाज पार होतो, जमीन तुटते. तीन पिनांतली अर्थिंगची जाड पिन काढून टाकून हम घालवण्याची एक वाईट खोड आपल्याकडे फार पसरली आहे. हम जातो हे खरं, पण यंत्रात बिघाड झाला तर त्याचा धातूचा सांगाडा विजेला जोडला जातो आणि कुणी तरी माइकला ओठ लावून उभं असतं. ती पिन कधीही काढू नये. आणि उन्हाळ्यात वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर जातं तेव्हा ध्वनिमुद्रण थांबवावं. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात. तिचे विषम पट वर हजारो हर्ट्झपर्यंत पसरतात आणि प्रत्येक पेडलमध्ये शिरतात.

धुळीबद्दलही दोन शब्द. मे-जूनच्या आंधीनंतर तिलक नगरातल्या प्रत्येक खिडकीच्या चौकटीवर बारीक पिवळट थर असतो. कुणाकडे टेपवर चालणारा एको असेल तर तो थर टेप आणि हेड यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि उच्च स्वर मंदावतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापसाची काडी आणि धीर, एवढ्यानं हेड साफ होतो. यंत्र वापरात नसताना त्यावर जाड सुती कपडा.

एवढं सगळं करून काय पाठवावं आणि काय संगणकातच ठेवावं? माझं मत स्पष्ट आहे. जिना, देऊळ, दिवाणखाना अशा जागेचा गुण आवाजाच्या जोरावर अवलंबून नसतो. हळू गायलं किंवा मोठ्यानं, जिना त्याच प्रमाणात उत्तर देतो. म्हणून जिन्यात फुगा फोडून किंवा स्पीकरमधून सावकाश चढत जाणारी शिट्टी वाजवून त्याचा ठसा एकदाच घेता येतो, आणि तो ठसा कन्व्हॉल्युशन रिव्हर्बमध्ये घातला की संगणक त्या जिन्याची जवळजवळ हुबेहूब नक्कल करतो. कबुतरं नाहीत, बिर्ला मंदिराकडच्या गाड्यांचे हॉर्न नाहीत, मधल्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या नाहीत. जागा आवडली असेल तर असा ठसा घेऊन ठेवावाच.

टेप, स्प्रिंग, व्हॉल्व्ह, पेडल यांचं तसं नसतं. स्प्रिंगला हळू छेडलं तर ती गुणगुणते, जोरात दाबलं तर तडतडते. टेप जास्त भरली की चढ आपोआप गोलावतात. व्हॉल्व्हच्या कॉम्प्रेसरची पकड आधीच्या सेकंदात काय गेलं त्यावर ठरते. इथे एका ठशानं भागत नाही. प्लग-इनवाले आता या वागण्याचंही गणित लिहितात, आणि चांगलं लिहितात. तरी हाताखाली खरी टेप असेल तर माझा कौल टेपला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात अशी कामं वाद्यांबरोबरच, त्याच क्षणी व्हायची. केर्सी लॉर्डसारखे वादक नवी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि परिणाम थेट ध्वनिमुद्रणाला घेऊन यायचे, आणि वादक आपल्या वाजवण्याचा जोर त्या यंत्राच्या उत्तरावर जुळवून घ्यायचे.

ही जुळवाजुळव हेच बाहेरच्या यंत्राचं खरं देणं. मावशीच्या हेडफोनमध्ये जिना थेट आला, तसा तिनं आलापातला ठहराव लांबवला. षड्जावर येऊन ती थांबायची आणि जिन्यातला षड्ज पुरता विरेपर्यंत पुढचा स्वर घ्यायची नाही. तान आली की सेंड मी हातानं निम्म्यावर आणायचो, तिहाईनंतर पुन्हा वर. गाणं संपल्यावर कोरड्या ट्रॅकवर तोच जिना प्लग-इनमधून लावला असता, तर थांबण्याच्या त्या जागा तिथे नसत्याच. 1949 साली माइककडे चालत आलेली गायिकाही खोलीचं प्रमाण गाण्याच्या त्याच क्षणी, पावलापावलानं ठरवत होती.

म्हणून गायक ऐकत असताना सेंड हातात ठेवा आणि रिटर्नचा ट्रॅक त्याच वेळी ध्वनिमुद्रित करा. आमच्या भाषेत याला 'प्रिंट करणं' म्हणतात. बाहेरचं यंत्र लावलेलं असताना सॉफ्टवेअर गाणं चुटकीसरशी काढून देऊ शकत नाही. पंचेचाळीस मिनिटांचा राग जिन्यातून जायला पंचेचाळीस मिनिटंच घेतो. तो एकदा प्रिंट झाला की काम हलकं होतं. कोरडा ट्रॅक वेगळा, जिन्याचा वेगळा, दोन्हींची नावं तारखेसह आणि बफरच्या आकड्यासह. पेडलच्या बटणांचा मोबाइलवर फोटो, किंवा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे नोंद: वेळ दोनवर, मिश्रण दहावर. जिन्यात किती रजया कुठे टांगल्या होत्या तेही लिहून ठेवा, माइकची उंची पायरीच्या आकड्यानं लिहा. मग रिटर्नचं इनपुट बंद करा, तिसऱ्या आउटपुटचा फेडर खाली ओढा, जिन्यातला स्पीकर बंद करा, आणि त्यानंतरच केबल काढायला घ्या.